सुटलेला प्रश्न : मराठी कामविज्ञानलेखन आणि पुरुषाची संवेदना

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणारी गाडी टिटवाळ्याला निम्मी रिकामी होते आणि खिडकीशी जागा मिळते. तिथून खडवलीपर्यंत आणि पुढे वासिंदपर्यंत रुळांलगतच्या भिंतींवर, पुलांच्या खांबांवर गेली तीस वर्षे मी एकच मजकूर वाचत आलो आहे. रंग बदलतो, फोन नंबर बदलतो; मजकूर बदलत नाही. ‘गुप्तरोग’, ‘नामर्दी’, ‘शीघ्रपतन’, ‘स्वप्नदोष’, ‘कमजोरी’ आणि खाली ‘खात्रीशीर इलाज’. पुरुषाच्या कामजीवनाविषयी सार्वजनिक जागेत लिहिलेले मराठी म्हणजे बहुतेक एवढेच.

मी खडवलीत राहतो. बारावीनंतर कल्याणच्या एका छापखान्यात आधी खिळे जुळवले, नंतर मुद्रिते तपासली. विद्यापीठाची पायरी चढलो नाही. जे काही वाचले ते कल्याणचे सार्वजनिक वाचनालय, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय आणि दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय यांच्या कृपेने. जुन्या नियतकालिकांतील वाचकांच्या प्रश्नोत्तरांची पाने हा माझ्या टिपणांचा विषय. कथा-कवितांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. ‘आपला एक वाचक’ म्हणून सही करणाऱ्या माणसावर लिहिणारे फार नाहीत. या लेखात मी त्या पानांतील एका सुटलेल्या प्रश्नाविषयी लिहिणार आहे. पुरुषाच्या जननेंद्रियाची संवेदना कमी झाली, तर ते सांगायला आपल्या लेखनपरंपरेने त्याला कोणते शब्द दिले? आणि नेमका शब्द न मिळाल्याने काय बिघडते?

हा प्रश्न मला केवळ अभ्यासातून सुचला नाही, हे आधीच कबूल करतो. त्याचा खुलासा पुढे येईल.

चार गोष्टी, एक शिवी

आधी थोडी विभागणी करू, कारण सगळा घोळ तिच्या अभावातून झाला आहे. पुरुषाच्या कामजीवनात निदान चार वेगवेगळ्या क्रिया असतात. इच्छा होणे ही एक. इंद्रियाला ताठरता येणे ही दुसरी. स्पर्श जाणवणे, त्यातून सुख वाटणे ही तिसरी. वीर्यपतन आणि त्यासोबतचा सुखाचा कळस ही चौथी. या चारही एकमेकींत गुंतलेल्या आहेत, पण एकच नाहीत. इच्छेचा संबंध मनाशी आणि संप्रेरकांशी अधिक, ताठरतेचा रक्तवाहिन्यांशी, संवेदनेचा कातडीखालच्या मज्जातंतूंशी, तिथून मणक्यात आणि मेंदूत जाणाऱ्या वाटेशी. एक बिघडली असता बाकीच्या शाबूत असू शकतात. इच्छा आहे, ताठरताही येते, पण स्पर्श जाड कापडावरून व्हावा तसा लागतो, अशी अवस्था असू शकते. वैद्यकात ती स्वतंत्र तक्रार आहे आणि तिची कारणेही स्वतंत्रपणे शोधावी लागतात.

आता भिंतीवरचा मजकूर पुन्हा वाचा. ‘नामर्दी’ या शब्दात या चारही गोष्टी कोंबलेल्या आहेत, आणि तो शब्द आजाराचा नसून शिवीचा आहे. ‘षंढ’, ‘नपुंसक’ हेही तसेच. ‘कमजोरी’ थोडी सौम्य, पण तिचा रोख ताकदीवर. या सगळ्या शब्दांचा कर्ता पुरुष आहे आणि क्रियापद ‘करणे’ आहे : त्याला करता येते की नाही. त्याला काय जाणवते, हा प्रश्न या व्याकरणात बसत नाही. ज्याला संवेदनेची तक्रार आहे तो या भिंतीसमोर उभा राहिला, तर त्याने ‘हे माझे नाही’ म्हणून पुढे जावे किंवा ‘म्हणजे मी नामर्द झालो’ असे समजून तो नंबर लिहून घ्यावा. तिसरा रस्ता भिंत दाखवत नाही.

बोलीत शब्द नाहीत असे मात्र नाही. पायाला मुंग्या येतात, हात बधिर होतो, बोटे सुन्न पडतात, जीभ जड होते. आमच्याकडची म्हातारी माणसे ‘चामडं मेल्यागत झालंय’ असे सहज म्हणतात. हे सगळे शब्द हातापायांसाठी खुले आहेत. कमरेखाली आणि मांड्यांच्या मध्ये आले की तेच शब्द थांबतात आणि मर्दपणाची भाषा सुरू होते.

कर्व्यांचे पान

या मौनाला मराठीत पहिला मोठा तडा दिला तो रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. गणिताचे प्राध्यापक, १९२१ साली मुंबईत त्यांनी संततिनियमनाचे केंद्र काढले, त्या कामापायी विल्सन कॉलेजातील नोकरी सोडावी लागली आणि जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू झाले. १९५३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी ते चालवले. मालतीबाईंच्या साथीने, पदरमोड करून, शिव्या खाऊन.

‘समाजस्वास्थ्य’ म्हटले की लोकांना मुखपृष्ठावरची नग्न चित्रे आठवतात. मला त्याचे खरे धाडस वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांत दिसते. लेखात लेखक विषय ठरवतो. प्रश्नोत्तरात विषय परका माणूस ठरवतो आणि संपादकाला त्याच्या मागे जावे लागते. कर्वे गेले. हस्तमैथुनाने माणूस खंगत नाही हे त्यांनी अशा काळात सांगितले, जेव्हा वीर्याचा थेंब म्हणजे आयुष्याचा थेंब असे शिकवणारी पुस्तके घरोघर होती. त्यांची किंमत त्यांनी मोजली. १९३१ साली ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखाबद्दल त्यांना शंभर रुपये दंड झाला. १९३४ सालचा खटला तर वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरच होता. त्यात कर्व्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला हरले, दोनशे रुपये दंड झाला. अजित दळवी यांनी २०१७ साली रंगभूमीवर आलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ नाटकात हे प्रकरण उभे केले तेव्हा नव्या पिढीला ते कळले.

या खटल्याचा अर्थ आपण नेहमी अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या अंगाने लावतो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. न्यायालयासमोर केवळ संपादकाचे उत्तर नव्हते, वाचकाचा प्रश्नही होता. आपल्या शरीराविषयी विचारण्याचा सामान्य माणसाला हक्क आहे की नाही, यावर तो वाद होता. तो हक्क कर्व्यांनी मिळवून दिला असे म्हणता येणार नाही, पण तो मागता येतो एवढे दाखवून दिले.

आता टीकेचा मुद्दा. कर्व्यांविषयी मनात आदर असल्यानेच तो मांडतो. कर्वे गणिती होते, डॉक्टर नव्हते, आणि त्यांचे पान हे पत्राचे पान होते. प्रश्न थोडक्यात, उत्तर त्याहून थोडक्यात, कित्येकदा चिमटा काढणारे. ज्या प्रश्नांमागे केवळ भ्रम असतो त्यांना ही रीत रामबाण ठरते. ‘अमुक केल्याने माझे आयुष्य कमी होईल का?’ याचे उत्तर ‘नाही’ असे एका शब्दात देता येते आणि वाचणाऱ्याच्या छातीवरचा धोंडा उतरतो. पण ज्या तक्रारीमागे भ्रम नसून एखादा आजार दबा धरून बसलेला असतो, तिथे पत्र अपुरे पडते. कारण तिथे उत्तर देणाऱ्याला आधी उलट विचारावे लागते : किती दिवसांपासून? एकाच जागी की सगळीकडे? पाय कसे आहेत? कोणत्या गोळ्या चालू आहेत? लघवी नीट होते का? आणि नंतर हात लावून पाहावे लागते. छापील पान उलट विचारू शकत नाही. कर्व्यांचा हा दोष नव्हे. त्यांनी निवडलेल्या प्रकाराची ती मर्यादा आहे. मात्र ‘लैंगिक तक्रार म्हणजे बहुधा गैरसमज’ ही समजूत सुशिक्षित मराठी वाचकांत या परंपरेतून रुजली, असे मला वाटते. अंधश्रद्धेशी लढताना ती उपयोगी पडली. आजार ओळखताना ती आड येते.

नंतरचे दोघे-तिघे

कर्व्यांनंतर हा विषय डॉक्टरांच्या हाती आला. डॉ. विठ्ठल प्रभू यांचे ‘निरामय कामजीवन’ लग्न ठरलेल्या मुलाच्या उशाशी गुपचूप ठेवले जाई. मुंबईत केईएम रुग्णालय आणि जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. प्रकाश कोठारी यांनी लैंगिक वैद्यकाचा विभाग उभा केला. हा विषय सरकारी-पालिका रुग्णालयात, केसपेपर काढून, इतर आजारांच्या रांगेत बसवण्याचे श्रेय त्यांचे. आणि डॉ. महिंदर वत्स. ऐंशी ओलांडल्यावर, २००५ साली, त्यांनी ‘मुंबई मिरर’मध्ये प्रश्नोत्तरांचे सदर सुरू केले आणि डिसेंबर २०२० मध्ये शहाण्णवाव्या वर्षी निधन होईपर्यंत लिहीत राहिले. इंग्रजी सदर, पण आमच्या कसारा लोकलमध्ये ते मराठीत वाचले जाई. एक जण वाचून भाषांतर करी आणि सहा जण हसत.

त्या हसण्यावर मला बोलायचे आहे. वत्सांचा मिश्कीलपणा ही त्यांची ताकद होती. लाजेची कोंडी हसण्याने फुटते. परंतु रोजच्या वाचनात त्या सदराचा नायक हळूहळू उत्तर देणारा झाला आणि प्रश्न विचारणारा विदूषक. डब्यातले आम्ही त्याच्या बाजूने कधी नव्हतो. ‘काय काय विचारतात लोक!’ असे म्हणणारा माणूस स्वतःवर वेळ आल्यावर विचारणार नाही, कारण तो कुणाच्या रांगेत जाऊन बसेल हे त्याला ठाऊक असते. मी विचारले नाही.

या पुस्तकांत माहिती नव्हती असे माझे म्हणणे नाही. ती वाचकाला सापडत नाही असे आहे. अनुक्रमणिकेत माणूस आपल्या मनातला शब्द शोधतो आणि त्याच्या मनातला शब्द भिंतीने ठरवलेला असतो. मी स्वतः मुद्रितशोधक. सूची लावण्यात आयुष्य गेले. तरीही मी ‘न’खाली शोधत राहिलो. ‘म’खाली मधुमेह आहे, तिथे पाहावे, हे मला सुचले नाही.

चरकाच्या दोन खोल्या

परंपरेला हे मुळातच ठाऊक नव्हते काय? चरकसंहितेत चिकित्सास्थानात क्लैब्याचे चार प्रकार दिले आहेत : बीजाच्या दोषाने, ध्वजाच्या म्हणजे इंद्रियाच्या विकाराने, जरेने आणि शुक्रक्षयाने. एकाच शिवीत सगळे न कोंबता कारणांप्रमाणे विभागणी करण्याची ही शिस्त आजच्या जाहिरातींपेक्षा पुष्कळ पुढची आहे. म्हातारपण हे एक कारण म्हणून निराळे काढले आहे, हेही लक्षात घ्यावे. त्याच ग्रंथात निदानस्थानात प्रमेहाची पूर्वरूपे सांगितली आहेत. त्यांत अंगाचा दाह आहे आणि ‘सुप्तता’ आहे. सुप्तता म्हणजे बधिरपणा, अंग झोपी जाणे.

म्हणजे हवा तो शब्द आपल्याकडे होता आणि तो बरोबर प्रमेहाच्या दारात उभा होता. पण लोकव्यवहारात क्लैब्य एका खोलीत राहिले आणि सुप्तता दुसऱ्या. पहिल्या खोलीला वाजीकरणाचे दुकान लागले, ते आजतागायत चालू आहे. दुसरी खोली हातापायांपुरती उरली. मधली भिंत पाडायला कुणी आले नाही. चरकाला आजचा मज्जातंतुशास्त्राचा हिशेब माहीत होता असे मला मुळीच सुचवायचे नाही. सांगायचे एवढेच, की ‘आपल्या भाषेत हे बोलताच येत नाही’ ही सबब खरी नाही.

सखारामाचे शरीर

ललित साहित्याकडे वळलो तर विजय तेंडुलकरांचे ‘सखाराम बाइंडर’ आठवल्याशिवाय राहत नाही. छापखान्याशी नाते असलेला नायक म्हणून मला तो जवळचाही वाटतो. १९७२ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकात लक्ष्मी परत आल्यावर सखाराम चंपेपाशी असमर्थ ठरतो. चंपा त्याला त्यावरून हिणवते आणि शेवट खुनात होतो. नाटक म्हणून हे अपरिहार्य वाटावे असे बांधले आहे. लक्ष्मीच्या देवधर्माने, तिच्या नुसत्या घरात असण्याने सखारामाच्या बेगुमान शरीराला लगाम बसतो; शरीराचे अपयश म्हणजे मनाने दिलेली साक्ष.

तेंडुलकरांनी त्याला दवाखान्यात पाठवायला हवे होते असे म्हणणे हास्यास्पद ठरेल. पण वाचक-प्रेक्षक म्हणून आपण अशा कृतींतून एक सवय लावून घेतली, हे तपासायला हरकत नाही. पुरुषाचे शरीर थंडावले की आपण त्यात लगेच अर्थ शोधतो : पाप, पश्चात्ताप, बायकोवरचे मन उडणे, वयाचा सूड. बाईचे गर्भाशय बिघडले तर आपण तिला डॉक्टरकडे नेतो. पुरुषाचे इंद्रिय बिघडले तर त्याला प्रतीक करतो. ‘बाइंडर’मधला दारू पिणारा, चिलीम ओढणारा, चाळिशीच्या आसपासचा माणूस आज एखाद्या डॉक्टरपुढे बसला, तर डॉक्टर लक्ष्मीविषयी नंतर विचारील, आधी रक्तदाब घेईल.

चप्पल

आता कबुली. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मला जाणवू लागले की पूर्वीसारखे काही लागत नाही. इच्छा होती. बाकीही निभत होते. पण स्पर्श दुरून यावा तसा यायचा आणि कळस कुणा दुसऱ्याचा असावा तसा. मी त्याला वय म्हटले. मग कामाचा ताण म्हटले. मग, खोटे कशाला सांगू, बायकोवरचे मन उडाले असे म्हटले आणि महिनोन्महिने तिच्याशी तुटक वागलो. या काळात माझ्या टेबलावर कर्व्यांवरची टिपणे पडलेली होती. मी जगाच्या प्रश्नोत्तरांचा अभ्यास करत होतो आणि स्वतःचा प्रश्न दोन वर्षे कुणालाही विचारला नव्हता.

एका पावसाळी संध्याकाळी आम्ही दोघे खडवली स्टेशनावरून घरी चाललो होतो. बायको मागून म्हणाली, “अहो, चप्पल कुठे तुमची?” उजव्या पायातली चप्पल दहा-बारा पावले मागे चिखलात रुतलेली होती. पाय अनवाणी चालत होता आणि मला पत्ता नव्हता. ती म्हणाली, “उद्या कल्याणला जायचं.”

चपलेसाठी गेलो. पायासाठी डॉक्टरकडे जाण्यात लाज नसते. त्या डॉक्टरांनी पायाच्या तळव्याला नायलॉनचा एक बारीक तंतू टेकवला, ‘लागलं की सांगा’ म्हणाले. कंप पावणारा धातूचा चिमटा घोट्यावर ठेवला. मला अर्धेच कळत होते. मग त्यांनी, कागदावर लिहिता लिहिता, मान वर न करता विचारले, “आणखी कुठे बधिर वाटतं? खाली?” सत्तर वर्षांच्या प्रश्नोत्तरांच्या पानांनी जे केले नव्हते ते या एका शब्दाने केले. मी “हो” म्हणालो. बायको शेजारी बसलेली होती.

गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी चाचणी साडेसहाला मधुमेह मानते, माझी १०.२ निघाली. साखर कित्येक वर्षे वाढलेली असावी. मज्जातंतू आधी पायांत आणि मग इतरत्र झिजत होते. भिंतीवरच्या नंबरला फोन केला असता तर मला ताकदीची पुडी मिळाली असती आणि साखर तशीच राहिली असती.

आज साखर आटोक्यात आहे. संवेदना थोडी परतली, पूर्ण नाही. झिजलेला तंतू पुष्कळदा पूर्ववत होत नाही, असे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितले. त्या दोन वर्षांत काय वाचवता आले असते याचा हिशेब मी मांडत नाही. पण बायकोवर घेतलेला आळ खोटा होता, हे तिला सांगता आले.

कधी जावे

समीक्षेच्या लेखात हे कशाला, असे कुणी विचारील. ज्या परंपरेवर मी टीका केली तिच्या पानात जे हवे होते असे माझे म्हणणे आहे, ते निदान या पानात तरी असावे म्हणून.

वयाबरोबर संवेदना हळूहळू, सर्वांचीच, थोडी कमी होते. एखाद-दुसऱ्या वेळी, थकव्यात, दारूनंतर, चिंतेत तसे वाटले तर घाबरू नये. परंतु बधिरपणा काही आठवडे टिकला, वाढत गेला, किंवा सोबत ताठरता, इच्छा, वीर्यपतन यांत बदल झाला, तर डॉक्टरकडे जावे. आधी नेहमीचा डॉक्टर पुरे. तो पुढे मूत्रविकार, मज्जातंतू किंवा संप्रेरकांच्या तज्ज्ञाकडे पाठवील. रक्तातली साखर, ब-१२ जीवनसत्त्व, थायरॉइड आणि सकाळी घेतलेल्या रक्तातले टेस्टोस्टेरॉन या चाचण्यांनी बरेच काही उलगडते. मधुमेहावरचे मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत ब-१२ घटू शकते, तेव्हा साखर आटोक्यात असणाऱ्यांनीही ते तपासावे. अति मद्यपानाने तंतू झिजतात. फिकट, बधिर चट्टा अंगावर कुठेही असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. त्याचे औषध सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळते आणि आजार पूर्ण बरा होतो.

चालू असलेल्या गोळ्यांची यादी सोबत न्यावी. नैराश्यावरच्या काही औषधांनी जननेंद्रियाची संवेदना कमी होते. क्वचित ती औषधे थांबवल्यावरही तशीच राहते, आणि २०१९ साली युरोपातील औषध नियामकाने याची सूचना माहितीपत्रकात घालायला सांगितली. म्हणून गोळी परस्पर बंद करू नये. डॉक्टरांशी बोलून मात्रा किंवा औषध बदलता येते. ‘उशीर’ लावणारे फवारे आणि मलमे यांत भूल देणारे द्रव्य असते. ते वापरून बधिर वाटले तर नवल नाही. रोज तासन्‌तास अरुंद बैठकीच्या सायकलवर बसणाऱ्यांच्या मांड्यांमधील तंतूवर दाब येतो. बैठक बदलून पाहावी. हस्तमैथुनात फार जोराच्या दाबाची सवय झाली असेल तर साधा स्पर्श अपुरा वाटतो. ती सवय सोडवता येते. ताठरतेचीही तक्रार असेल तर हृदय तपासून घ्यावे. बारीक रक्तवाहिन्यांतला बिघाड तिथे आधी आणि छातीत काही वर्षांनी दिसतो, असे पुष्कळदा घडते.

आणि एक प्रसंग असा, की ज्यात आठवड्यांची नव्हे, तासांची गाठ असते. कंबरदुखीसोबत मांड्यांच्या आतल्या बाजूला, गुदद्वाराभोवती, जननेंद्रियाला, म्हणजे खोगिरावर बसताना टेकतो त्या भागाला, एकाएकी बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, पाय लुळे पडू लागले, तर तो मणक्यातील तंतूंच्या जुडग्यावर आलेला दाब असू शकतो. त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठे रुग्णालय गाठावे. उशिराने कायमचे अपंगत्व येते.

दंड कुणाला

कर्व्यांना १९३४ साली खऱ्या उत्तरांसाठी दंड झाला. स्वतंत्र भारतात १९५४ साली औषधे आणि जादूटोण्यासारखे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा झाला. लैंगिक सुखाची क्षमता वाढवण्याचे दावे करणाऱ्या जाहिराती त्यात स्पष्टपणे येतात. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली ‘हमदर्द दवाखाना’ प्रकरणात त्यातील काही तरतुदी काढल्या, पण अशी व्यापारी जाहिरात म्हणजे विचारस्वातंत्र्य नव्हे, असे सांगितले. भिंतींपर्यंत ते पोचलेले दिसत नाही. एकाच विषयावर खरे लिहिणारा आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला आणि खोटे लिहिणारा रंगाचा डबा घेऊन पुढच्या खांबाकडे गेला. मराठी कामविज्ञानलेखनाचा इतिहास लिहायचा तर या दोन मजकुरांना शेजारी ठेवूनच लिहावा लागेल. कारण वाचक दोन्ही वाचत होता, आणि भिंत रोज वाचत होता.

आपल्या समीक्षेने कर्व्यांना द्रष्टा म्हणून मखरात बसवले. त्यांच्या पानाला पत्र पाठवणाऱ्या माणसाकडे तिचे लक्ष गेले नाही. तो माणूस आजही आहे. तो टिटवाळ्यानंतर खिडकीशी बसतो, भिंती वाचतो आणि गप्प असतो. त्याच्यासाठी नवे शास्त्र घडवावे लागणार नाही. पायासाठी जो शब्द तो सहज वापरतो, तोच शब्द बाकीच्या शरीरासाठी वापरायची मुभा त्याला आपल्या लेखनाने द्यायला हवी : बधिर.

परवा बायकोने नव्या चपला आणल्या, मागे पट्टा असलेल्या. डॉक्टरांनीच तशा घ्यायला सांगितले होते. त्या घालून हा लेख टपालात टाकायला निघालो आहे.